फेरीला चाळीस गाड्या, कामाला चार माणसं: ट्रेल वाचवायला स्वयंसेवक कसे उभे करायचे

तुम्ही लिहिलंय की नेवाडातल्या रीनोजवळच्या तुमच्या जीप क्लबात दीडशेच्या आसपास सभासद आहेत. शनिवारच्या फेरीला चाळीस गाड्या येतात, पण ट्रेल, म्हणजे जीपने जायचे रानातले कच्चे रस्ते, खुले राहावेत म्हणून काढलेल्या गटाच्या बैठकीला चारच माणसं बसतात, त्यातली दोन तुमच्याच घरातली. तुमचा प्रश्न एका ओळीत असा: टिकून काम करणारी माणसं आणायची कुठून?

मी गेली चौदा वर्षं कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या एका क्लबात हेच काम बघतो. पहिली तीन वर्षं माझीही बैठक चारच जणांची होती. तेव्हा मी दर महिन्याला सगळ्या सभासदांना कळकळीचं पत्र पाठवायचो: 'आपले ट्रेल धोक्यात आहेत, पुढे या.' त्या पत्रांनी तीन वर्षांत एकही माणूस आला नाही. आज आमच्याकडे नियमित काम करणारे सत्तावीस जण आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाला कुणीतरी समोरासमोर, नाव घेऊन, एक ठरावीक काम सांगितलं होतं. माझं सगळं उत्तर या एका अनुभवावर उभं आहे.

'जमिनीचा हक्क', 'प्रवेश', 'पुढच्या पिढ्या' यांसाठी माणूस मान डोलावतो, पण शनिवार देत नाही. तो शनिवार देतो त्याच्या ओळखीच्या एका वळणासाठी, जिथे त्याने मुलाला पहिल्यांदा स्टिअरिंग धरू दिलं त्या दगडी चढासाठी. म्हणून तुमच्या गटाच्या नावाने माणसं बोलवू नका, ट्रेलच्या नावाने बोलवा. आपल्याकडे गडकोटांवर श्रमदानाला जाणारी मंडळी बघा. 'वारसा संवर्धन' या शब्दासाठी भल्या पहाटे पुण्याहून कुणी निघत नाही. राजगडावरचं अमुक टाकं गाळाने भरलंय, ते यंदा पावसाआधी उपसायचंय, म्हटलं की पंधरा जण पाठीवर घमेली बांधून चढतात.

आता माणसं कुठे असतात ते सांगतो. ती तुमच्याच चाळीस गाड्यांत बसलेली आहेत. जत्रेत हौशे, नवशे, गवशे असतात, तसे फेरीतही असतात. हौशे गाडी मिरवायला येतात आणि त्यांचं काही चुकत नाही, त्यांच्या वर्गणीवर क्लब चालतो. तुम्हाला शोधायचाय तो वेगळा माणूस, आणि तो ओळखायला तुम्हाला रांगेच्या पुढून मागे यावं लागेल. दोन-तीन फेऱ्या म्होरक्याची गाडी दुसऱ्याला द्या आणि स्वतः टेल गनरच्या शेजारी, म्हणजे सगळ्यात शेवटच्या गाडीत बसा. तिथून दिसतं की कुणाची विंच (गाडी ओढून काढायची दोराची चक्री) अडकली तर न बोलावता कोण उतरतं, कोण वाटेतला बिअरचा डबा उचलून आपल्याच गाडीत टाकतं, आणि दुपारी चारला सगळे घाईत असताना फाटकाची साखळी पुन्हा लावायला कोण थांबतं. माझ्याकडे एक छोटी वही आहे. त्यात मी फक्त अशी नावं लिहितो आणि पुढे एक ओळ: 'फाटक लावलं', 'नवख्याला टायरची हवा कमी करून दिली'. आमच्या सत्तावीसपैकी निम्म्याहून जास्त त्या वहीतून आले.

दुसरी जागा म्हणजे शेजारची सीट. आपण नेहमी गाडीच्या मालकाला विचारतो. शेजारी बसलेली बायको, वडील, कॉलेजातली मुलगी यांना कुणी विचारतच नाही. आमच्या क्लबात नकाशाचं काम जिच्या शब्दावर चालतं ती बाई स्वतः गाडी चालवत नाही. दहा वर्षं नवऱ्याशेजारी बसून तिने प्रत्येक फाटा, प्रत्येक ओढा फोनवर टिपून ठेवला होता. एकदा जेवताना सहज बोलण्यात निघालं, तेव्हा कळलं की तिच्याकडे आमच्या भागातल्या सव्वाशे मैलांच्या जीपीएस नोंदी आहेत, तारखेसकट. फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे केंद्राच्या वन खात्याच्या, कार्यालयाकडेही त्या भागाच्या इतक्या ताज्या नोंदी नव्हत्या.

अशी नोंद इतकी मोलाची का, हे नव्या माणसाला समजावून सांगा, कारण इथेच बहुतेक गट कमी पडतात. तुमच्या नेवाडात सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे. ही जमीन सांभाळणाऱ्या केंद्राच्या खात्यांपैकी एकट्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे देशभरात सुमारे साडेचोवीस कोटी एकर आहेत, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. या जमिनीवरचा रस्ता कुणी जेसीबी लावून बंद करत नाही, तो कागदावर बंद होतो. २००५ च्या नियमानुसार राष्ट्रीय वनांत मोटारगाडीला कुठला रस्ता खुला हे एका अधिकृत नकाशावर ठरतं, आणि जो रस्ता त्या नकाशावर नाही तो प्रत्यक्षात असला तरी गाडीसाठी नसतो. युटाहमध्ये मोआबजवळच्या लॅबिरिंथ कॅन्यन आणि जेमिनी ब्रिजेस भागात सप्टेंबर २०२३ मध्ये एका निर्णयाने ३१७ मैलांचे मार्ग बंद झाले. ज्यांनी वर्षानुवर्षं तिथे गाड्या नेल्या, त्यातल्या अनेकांना ते निर्णय झाल्यावरच कळलं.

माझ्या स्वतःच्या वाट्याला आलेली गोष्ट लहान आहे, पण मी ती प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. आमच्या आवडत्या दोन ट्रेलना जोडणारा पावणेदोन मैलांचा एक रस्ता होता. कुठले रस्ते खुले ठेवायचे याच्या वन कार्यालयाच्या नव्या आराखड्याच्या मसुद्यात तो नव्हता. मत मांडायला दिलेल्या मुदतीत आमच्यापैकी कुणीच लिहिलं नाही, प्रत्येकाला वाटलं दुसरा लिहील. अंतिम निर्णय आला तेव्हा मी हरकत घ्यायला निघालो. कार्यालयातल्या बाईंनी अगदी सौजन्याने सांगितलं की दिलेल्या मुदतीत ज्याने विशिष्ट लेखी मत दिलंय त्यालाच हरकत घेता येते. नियम तसाच आहे. ब्युरोच्या मोठ्या आराखड्यांवर प्रोटेस्ट, म्हणजे औपचारिक हरकत, नोंदवायचा असेल तरी आधीच्या प्रक्रियेत भाग घेतलेला असावा लागतो. त्या रस्त्याच्या तोंडाशी आज मोठे दगड रचलेत. मी अजूनही तिथून जाताना गाडी हळू करतो.

म्हणून स्वयंसेवक म्हणजे फावडं मारणारा, एवढाच अर्थ धरू नका. या कामात लिहिणारा, मोजणारा, बैठकीला जाऊन बसणारा आणि हिशेब ठेवणारा हे चौघे फावडेवाल्याइतकेच लागतात. ज्याला जे जमतं तेच त्याला सांगा. विशिष्ट, नेमकं मत कसं असतं ते नमुन्यासकट शिकवा. 'माझा रस्ता बंद करू नका' अशी एकाच साच्यातली पाचशे पत्रं गेली तरी कार्यालय त्यांना एकच मुद्दा धरून एकच उत्तर देतं. त्याऐवजी एकाने लिहिलं: 'अमुक क्रमांकाच्या मार्गावर मैल १.२ पाशी जो ओढा ओलांडावा लागतो, तिथे खडकाळ तळ आहे, सोबत मे आणि सप्टेंबरचे फोटो जोडलेत, गाळ होत नाही. हा मार्ग बंद झाला तर पलीकडच्या मुक्कामाच्या जागेवर जायला ११ मैलांचा वळसा पडतो', तर त्या मुद्द्याकडे दुर्लक्ष करणं अधिकाऱ्यांना अवघड जातं. आम्ही वर्षातून दोनदा एकाच्या घरी मिसळ करतो आणि जेवण झालं की सगळ्यांना बसवून तिथल्या तिथे एकेक पत्र लिहून घेतो. उठण्याआधी पत्र गेलेलं असतं. 'घरी जाऊन लिहा' म्हटलं की ते कधीच लिहिलं जात नाही.

आपल्या लोकांविषयी एक वेगळं सांगावंसं वाटतं. इथे अमेरिकेत आलेल्या मराठी मुलांपैकी कित्येक जण अजून व्हिसावर असतात, मतदान करू शकत नाहीत, आणि 'आपण कोण बोलणारे' अशा संकोचात गप्प राहतात. अशा आराखड्यांवर लेखी मत द्यायला नागरिकत्वाची अट नसते. हे कळल्यावर आमच्या गटातल्या एका सोलापूरच्या मुलाचा चेहरा कसा खुलला ते मी विसरणार नाही. 'म्हणजे माझं पत्रही मोजतात?' एवढंच त्याने विचारलं. आता आमच्याकडची सगळ्यात नेटकी पत्रं तोच लिहितो. शिवाय अशी मंडळी ज्या टेक कंपन्यांत काम करतात, त्यातल्या अनेक कंपन्या कर्मचाऱ्याने स्वयंसेवेत घातलेल्या तासांमागे संस्थेला पैसे देतात. त्याची चौकशी प्रत्येकाला आपापल्या कंपनीत करायला सांगा. आमचा हत्यारांचा सगळा खर्च त्यातून निघतो.

काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या कारभाराच्या, बैठका दिवसाढवळ्या, बहुतेक कामाच्या दिवशी सकाळी असतात. नोकरदार माणूस तिथे जाऊ शकत नाही, आणि त्याने रजा टाकून यावं अशी अपेक्षा ठेवली तर तो दोनदा येईल आणि तिसऱ्यांदा फोन उचलणार नाही. हे काम निवृत्त माणसांचं. बोलायला साधारण तीन मिनिटं मिळतात. आमच्याकडे दोन निवृत्त शिक्षक आहेत, ते आळीपाळीने जातात. एकाने बोलायचं, दुसऱ्याने मागे बसून कोण काय म्हणालं ते लिहून घ्यायचं. चार वर्षं दर बैठकीला तीच दोन शांत माणसं दिसली की काउंटीचे निवडून आलेले पर्यवेक्षक त्यांना नावाने ओळखू लागतात. मग एखादा प्रस्ताव मसुद्यात जाण्याआधीच फोन येतो: 'तुमच्या लोकांना याबद्दल काय वाटतं?' त्या एका फोनची किंमत शंभर फलकांपेक्षा जास्त आहे.

माणसं उभी राहिली की काय होतं, याचं उदाहरण तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. रुबिकॉन ट्रेल. कॅलिफोर्नियातला हा खडकाळ जीप रस्ता लून लेक आणि वेंटवर्थ स्प्रिंग्जकडून टाहो सरोवराच्या काठापर्यंत सुमारे २२ मैल जातो. एल डोराडो काउंटीने १८८७ मध्येच तो सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर केला होता, आणि ती जुनी नोंद पुढच्या सगळ्या वादांत कामी आली. पण नुसत्या नोंदीने ट्रेल वाचला नसता. २००४ मध्ये ट्रेलवरच्या स्पायडर लेकचा परिसर काउंटीला आरोग्याच्या कारणावरून बंद करावा लागला, कारण हौसेने येणाऱ्या गर्दीने तिथे उघड्यावर इतकी घाण करून ठेवली होती. २००९ मध्ये राज्याच्या पाणी गुणवत्ता मंडळाने काउंटी आणि फॉरेस्ट सर्व्हिस दोघांनाही साफसफाईचा आणि सुधारणेचा आदेश काढला: गाळ ओढ्यात जातोय, तेल सांडतंय, मानवी विष्ठा पडलीय. ट्रेल कायमचा बंद होण्याची भीती खरी होती.

तेव्हा २००१ पासून काम करत असलेल्या फ्रेंड्स ऑफ द रुबिकॉनच्या झेंड्याखाली क्लबांनी ट्रेलचे तुकडे वाटून घेतले आणि स्वयंसेवकांनी पाणी बाहेर काढायच्या चऱ्या खोदल्या, दगड रचले, पहारे दिले. लून लेकच्या बाजूला सकाळी उभं राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला शौचाची पिशवी द्यायची, हे कामही स्वयंसेवकांनीच केलं. मी ते एका जुलैत चार दिवस केलंय. हे काम कुणाला आवडेल असं तुम्हाला वाटणार नाही, पण नवा माणूस घडवायला त्याच्याइतकं चांगलं काम मी दुसरं पाहिलं नाही. उन्हाने तापलेली धूळ, पुढे गाड्यांची रांग, आणि तुम्हाला काच खाली करायला लावून अनोळखी माणसाला सांगायचंय की 'हे घ्या, आत भुकटी आहे, ती ओल शोषून घट्ट करते, मग या आतल्या पिशवीच्या तोंडाला पीळ देऊन गाठ मारा, बाहेरच्या जाड पिशवीत घाला, वरची पट्टी दोन बोटांनी शेवटपर्यंत दाबत न्या'. पहिल्या पाच गाड्यांना सांगताना जीभ अडखळते. पन्नासाव्या गाडीपर्यंत तो ट्रेल तुमचा झालेला असतो. माझ्याबरोबर त्या वर्षी उभा असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा आज आमच्या क्लबाचा लँड यूज अधिकारी आहे, म्हणजे जमीन आणि ट्रेलच्या प्रश्नांचं काम तोच बघतो. रुबिकॉन आजही खुला आहे.

आता माणूस हाताशी आल्यावर त्याला टिकवायचं कसं. पहिल्या भेटीत समितीवर घेऊ नका. गणपती मंडळात पोराला पहिल्या वर्षी कुणी खजिनदार करत नाही, त्याच्या हातात पावती पुस्तक देतात आणि एक गल्ली वाटून देतात. तसंच करा. काम इतकं ठरावीक हवं की माणूस घरी बायकोला एका वाक्यात सांगू शकेल: 'मी सप्टेंबरपर्यंत अमुक ट्रेलवरचे तीन फलक बघणार आहे.' त्यात 'सप्टेंबरपर्यंत' हे सगळ्यात महत्त्वाचं. शेवट नसलेल्या कामाला शहाणा माणूस हो म्हणत नाही आणि म्हटलं तर तोंडदेखलं म्हणतो. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये गावंच्या गावं ऐन उन्हाळ्यात कुदळी घेऊन उतरली, त्यामागे बरीच कारणं होती, पण ती स्पर्धा ४५ दिवसांची होती आणि आधी गावातल्या माणसांना व्यवस्थित प्रशिक्षण दिलेलं होतं, हे मला आपल्या कामासाठी फार शिकण्यासारखं वाटतं. आम्हीही कुणालाच एका हंगामापेक्षा जास्त मागत नाही. हंगाम संपला की जाऊन भेटतो, आभार मानतो आणि विचारतो: 'पुढच्या वर्षी हेच, दुसरं काही, की विश्रांती?' विश्रांती म्हणणाऱ्याला मनापासून विश्रांती देतो. त्यातले बरेच जण वर्षाने स्वतःहून परत येतात.

प्रत्येक काम जोडीला द्या. एकटा माणूस आजारी पडला, बदली झाली, बाळ झालं की काम थांबतं आणि त्याच्या मनाला ते लागतं. मग तो तोंड चुकवायला लागतो. मी असे तीन चांगले लोक गमावलेत आणि दोष माझा होता.

श्रमदानाच्या दिवसाची तयारी घरच्या लग्नासारखी करा. लोक एकदा येऊन उगाच उभे राहिले की पुन्हा येत नाहीत. आमचा नियम असा की गाडीतून उतरल्यापासून वीस मिनिटांत प्रत्येकाच्या हातात हत्यार असलं पाहिजे आणि दुपारी एकला काम थांबलंच पाहिजे, मग राहिलेला दिवस गाडी चालवायला मोकळा. फॉरेस्ट सर्व्हिसच्या जमिनीवर काम असेल तर आधी स्वयंसेवकाच्या करारावर सही घ्या. सही असेल आणि मंजूर काम करताना दुखापत झाली तर त्याला केंद्राच्या नुकसानभरपाईचं संरक्षण मिळतं. पडलेलं झाड कापायचं असेल तर करवत चालवणाऱ्याकडे त्यांचं प्रमाणपत्र हवं. हे प्रशिक्षण मिळवून देणं हेसुद्धा माणूस जोडण्याचं उत्तम साधन आहे, कारण माणसाला काहीतरी शिकल्याचा आनंद टी-शर्टपेक्षा जास्त दिवस पुरतो.

तासांची नोंद मात्र डोळ्यांत तेल घालून ठेवा. घरातून निघाल्यापासून नाही, कामाला हात लागल्यापासून. नाव, तारीख, काम, तास. कॅलिफोर्नियात राज्याच्या ऑफ-हायवे (रस्ता सोडून चालणाऱ्या गाड्यांसाठीच्या) निधीतून अनुदान मागताना अर्जदाराला स्वतःचा वाटा दाखवावा लागतो आणि स्वयंसेवकांचे तास त्या वाट्यात धरता येतात. तुमच्याकडे नेवाडात काय नियम आहे ते तिथल्या कार्यक्रमाकडे विचारा, पण वही आजपासूनच सुरू करा. वर्षाअखेरीस प्रत्येकाला त्याचे तास आणि त्यातून काय उभं राहिलं हे एका ओळीत कळवा: 'तुमचे ३४ तास, त्यात ओढ्यावरचा हा उतार पक्का झाला', आणि खाली त्या उताराचा फोटो. आमच्या एका सभासदाने तो कागद फ्रिजवर लावलेला मी पाहिलाय.

शेवटी, कुणाला घेऊ नये तेही सांगतो. जो माणूस रेंजरला (वन खात्याच्या जागेवरच्या अधिकाऱ्याला) शत्रू समजतो, चालत जाणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना शिव्या देतो, तो कितीही उत्साही असला तरी त्याला बैठकीला नेऊ नका. त्याचा उत्साह खरा असतो, म्हणून मोह होतो. पण त्याने एकदा आवाज चढवला की तुमच्या दोन शांत शिक्षकांची चार वर्षं पाण्यात जातात. त्याला दगड हलवायचं काम द्या. काही जण दगड हलवता हलवता निवतात, आणि शेजारी काम करणाऱ्या रेंजरशी गप्पा मारताना मी अशा माणसाला पाहिलंय. जो निवत नाही, त्याला स्पष्ट आणि आदराने नाही म्हणा.

पुढच्या शनिवारी एवढंच करा: मागच्या गाडीत बसा, वही बरोबर ठेवा, तीन नावं लिहा. पुढच्या आठवड्यात त्या तिघांना वेगवेगळं भेटा. बैठकीचं निमंत्रण देऊ नका, प्रत्येकाला एकच काम सांगा आणि त्याची तारीख सांगा. तोवर तुमच्या भागातल्या वन कार्यालयाच्या आणि ब्युरोच्या चालू प्रकल्पांच्या याद्या काढून बघा, मत द्यायची मुदत कशाची आणि किती दिवसांत संपतेय. मुदती प्रकल्पागणिक वेगळ्या असतात, म्हणून प्रत्येक सूचना पूर्ण वाचा. तुम्ही बसताय त्या चौघांपैकी एकाने एवढंच काम वर्षभर केलं तरी पुष्कळ झालं. पहिलं पत्र लिहून झालं की पाठवण्याआधी मला दाखवा, मी त्याच दिवशी वाचून कळवतो.